पाहुण्यांच्या पायांखालची फळी

जांभळाच्या लाकडाची एक जुनी फळी तुमच्याशी बोलते आहे, मित्रांनो. माझ्याकडे तुम्हाला ऐकवण्यासारखे काही आहे की नाही, याची मला खात्री नाही. फळीचे आयुष्य ते काय? अर्धे वर्ष पाण्यात उभे राहायचे आणि अर्धे वर्ष माळ्यावर आडवे पडायचे. पण अलीकडे माझ्यावरून एक मंत्री चालून गेले. तेव्हापासून गावात माझे नाव निघू लागले आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटत असेल, असे काहीजण धरून चालतात. मला तो वाटत नाही. का वाटत नाही, तेवढेच मी सांगणार आहे. सांगताना चुकले तर सांभाळून घ्या. बोलण्याची मला सवय नाही.

गोव्यात, पेडणे तालुक्याच्या अगदी टोकाला, इब्रामपूरच्या बाजूला, डोंगरातून एक ओहोळ खाली येतो. त्याच्या काठी एक जांभूळ होते. एका वादळात ते आडवे झाले. तेव्हा, जिच्या घरी मी अजून आहे त्या कमलाक्षीच्या सासऱ्याने करवतकार बोलावून त्याच्या फळ्या पाडून घेतल्या. जांभळाचे लाकूड पाण्यात कुजत नाही, म्हणून आमची निवड झाली. आम्हाला तळ्यात बुडवून मुरवले, मग सावलीत वाळवले, मग काजूच्या टरफलांचे काळे तेल पाजले. मी आणि माझ्या बहिणी अशा तयार झालो.

आमचे काम सोपे होते. ओहोळात चिऱ्यांचे दोन खांब उभे आहेत आणि त्यांना खाचा आहेत. दिवाळी झाली, पावसाचे पाणी निवळले, की आम्हाला त्या खाचांत एकीवर एक उतरवत. पुढे एक रांग, मागे एक रांग, आणि मध्ये पायांनी तुडवलेली चिकण माती. आमच्यामागे पाणी चढत जाई आणि पाटातून शेतात वळे. आमच्याकडे चार महिने आभाळ कोसळते, पण शिमगा आला की जमिनीला भेगा पडतात, हे परक्या माणसाला खरे वाटत नाही. त्या कोरड्या दिवसांत पिकणाऱ्या भाताला वायंगण म्हणतात. ते पूर्णपणे आमच्या खांद्यावर असे.

बंधारा घालण्यापूर्वी धाकू गाऱ्हाणे घाली, म्हणजे गावाच्या वतीने देवाला साकडे घाली. धाकू गावकर, वयाने म्हातारा, तोंडाने फटकळ. नारळ समोर ठेवून तो गावच्या राखणदार देवाला हाक मारी, आणि त्याच्या प्रत्येक वाक्यानंतर सारा गाव एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणे. गाऱ्हाण्याचा नियम असा, की ज्याने "व्हय म्हाराजा" म्हटले, तो त्या शब्दाला बांधला गेला. मग तो कितीही मोठा असो.

पूर्वी ओहोळाच्या दोन्ही अंगांना वायंगण असे. मग एकेकाने शेत सोडले. कुणी औद्योगिक वसाहतीत लागला, कुणाला म्हापशाची हवा मानवली. शेवटी एकटी कमलाक्षी राहिली. नवरा गेलेला, मुलगी सासरी. पण वायंगणाचे जुने तांबडे बियाणे आता फक्त तिच्या घरात होते. दरवर्षी पिकवायचे, त्यातलेच सर्वांत भरलेले दाणे गवताच्या मुडीत बांधून ठेवायचे आणि पुढच्या वर्षी पेरायचे. एक वर्ष जरी भात गेले, तरी ते बी या जगातून गेले. ही गोष्ट ती कुणाला सांगत नसे. मला ठाऊक होती, कारण ती मुडी माळ्यावर माझ्या शेजारीच टांगलेली असे.

बंधाऱ्यावर मला उतरवण्यापूर्वी ती माझ्या कडेला कुंकू लावी. आणि मित्रांनो, तिने माझ्यावर कधी पाय दिला नाही. मी अंगणात आडवी पडले असले, तर ती वळसा घालून जाई.

आता कालव्याविषयी. तो कोणी आखला, हे मला माहीत नाही, आणि ज्यांनी आखला त्यांनाही ते आता आठवत नाही असे ऐकते. दूरच्या धरणाचे पाणी आमच्या गावापर्यंत आणायचे, असा तो बेत. निधी आला, खोदाई झाली. निधी आला, सिमेंट झाले. निधी आला, सिमेंटला भेगा पडल्या होत्या त्या बुजवल्या. पुन्हा आला, तेव्हा दोन्ही काठांवर हिरव्या रंगाचे कठडे बसले. कालव्याला सुरुवात होती, शेवट होता. मधला काजूचा डोंगर तेवढा फोडायचा राहून गेला होता. डोंगर काही लपलेला नव्हता. तो सगळ्यांना दिसत होता. पण प्रत्येक वेळी येणारा निधी डोंगराला सोडून बाकीच्याच कामाला मानवे.

आमच्या टोकाचे काम पाळी गावच्या शिवदासकडे होते. खाणी थांबून त्याचे खनिजाचे ट्रक बंद झाले तेव्हा तो कंत्राटदार झाला. माणूस मनमिळाऊ. मनमिळाऊ माणसे फार नुकसान करतात, असे माझे मत आहे. चूक असेल तर सोडून द्या. त्याच्याकडे धोंडिबा नावाचा चंदगडकडचा मुकादम होता. कालव्याच्या काठी पत्र्याच्या खोलीत तो राही आणि कमलाक्षीकडून पिण्याचे पाणी नेई.

त्या वर्षी बातमी आली, की पुढचा निधी हवा असेल तर कालव्यात पाणी वाहिलेले दिसले पाहिजे, आणि मंत्री स्वतः जलपूजनाला येणार. गाव खूश झाला. मोठे लोक येणार म्हणजे रस्ता होणार, दिवे लागणार. कालव्यात पाणी कुठून येणार, हे कुणी विचारले नाही. विचारले असते तर उत्तर फार जवळ होते. ते माझ्या पाठीमागेच साचलेले होते.

बंधाऱ्याच्या खालच्या अंगानेच कालवा जातो. आमच्या फळ्या काढल्या, ओहोळाला मातीचा आडवा बांध घातला, की पाणी आपल्या पायांनी कालव्यात उतरते. उतरायला पाण्याला काही लागत नाही.

सोहळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी धोंडिबा पहारीने मला खाचेतून उचकटू लागला, तेव्हा कमलाक्षी शेतातून धावत आली. तिचे भात पोटरीत होते. कणीस बाहेर पडायच्या बेतात.

"धोंडिबा, ती फळी खंय व्हरतंस?"

"मावशी, मला इचारू नका. मालकानं सांगितलं फळ्या काढ. मालकाला सायबानं सांगितलं. सायबाला कुणी सांगितलं, ते त्यास्नी बी ठाव न्हाई."

"अरे, माझा भात पोटरेक इला हा. आता पाणी गेला तर दाणो भरतलो काय?"

धोंडिबाने पहार खाली ठेवली. तेवढ्यात शिवदास आला. पांढरा शर्ट, कपाळाला गंध.

"बाय, तू रागव नको. पाणी पळान खंय जाता? खाली कालव्यातच रवतला. मंत्री येतले, नारळ फोडतले, जातले. पाणी थंयच."

"थंय ऱ्हवान माझ्या काय कामाचा? ता वर कसा येतला?"

"कालवो सरकारचो, बाय. सरकाराक काय अशक्य आसा?"

धाकू बांधावर बसून विडी ओढत होता. तो म्हणाला, "खरां आसा. सरकार म्हागाई चडयता, पाणी काय चीज."

शिवदास मोठ्याने हसला. हसून त्याने धोंडिबाला पहार उचलायची खूण केली. पंचायतीची माणसेही आली होती. ती म्हणाली, एक दिवसाचा सोहळा आहे, गावाच्या भल्याचे आहे, एकट्या बाईच्या चार कुणग्यांसाठी, शेताच्या चार तुकड्यांसाठी, अडवणे बरे दिसत नाही. कमलाक्षीने त्यांच्याकडे पाहिले. त्यांतल्या प्रत्येकाच्या बापाने कधीतरी मला खांदा देऊन बंधाऱ्यावर आणले होते.

माझ्यामागचे पाणी गेले तेव्हा कसला आवाज झाला, ते मी सांगणार नाही. मला ते नीट सांगता येणार नाही.

माझ्या बहिणींना काठावर टाकले. मला मात्र बढती मिळाली. रस्ता आणि कालवा यांच्यामध्ये पाणी सांडून चिखल झाला होता, आणि पाहुण्यांच्या पायांत चांगली पायताणे असणार होती. मी सर्वांत रुंद, म्हणून मला चिखलावर आडवी घातली आणि माझ्यावर लाल गालिचा ठोकला. खिळे लांबलचक होते. धोंडिबाने पहिला खिळा मारायला फार वेळ घेतला. मग त्याने भराभर मारले.

पाहुणे आले. ते माझ्यावरून चालले. मी पाण्याचे ओझे पेलले आहे, मित्रांनो, ते सगळीकडून सारखे असते आणि त्यात एक माया असते. या पायांत काही नव्हते. ते पलीकडे जायला आले होते, एवढेच.

कालव्यात पाणी उभे होते. हो, उभे, दोन्ही टोकांना वाळूची पोती लावलेली होती. त्यात फुले सोडली, दिवा सोडला, साडी-खणाने ओटी भरली. भाषणात शेकडो हेक्टर जमीन हिरवी झाली. मग मंत्र्यांनी विचारले, "लाभार्थी शेतकरी कुठे आहेत?" धावपळ झाली. लाभार्थी शेतकरी एकच होती आणि ती मागे माडाला टेकून उभी होती. तिला पुढे आणले.

"आता तुमच्या शेताला पाणीच पाणी, आजी."

"काल होताच, बाबा," कमलाक्षी म्हणाली.

ते हसून पुढच्या माणसाकडे वळले. कुणाशी बोलले की उत्तर ऐकायला थांबायचे, अशी पद्धत त्यांच्यात नसावी.

मग कोणीतरी म्हणाले, गाऱ्हाणे झालेच पाहिजे. मंत्र्यांनाही ते आवडले, लोकसंस्कृती म्हणून. धाकूच्या हातात नारळ दिला आणि तोंडासमोर माईक धरला. शिवदास त्याच्या शेजारीच उभा होता. आपल्या गावच्या देवळात "व्हय म्हाराजा" म्हणण्यात त्याचा हातखंडा होता, असे तो आधीच सगळ्यांना सांगून चुकला होता.

"बा देवा राखणदारा, म्हाराजा," धाकूने सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा."

"आज ह्या जाग्यार थोर मंडळी इली. पायाक चिखल लागा नये म्हणान फळयेवयल्यान इली, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"हंय जा पाणी दिसता, ता खंयसून इला, ता तुका ठावक आसा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." गावातल्या काहींचा आवाज इथे उतरला. शिवदासचा चढला.

"जेणां ता खाली उतरयला, तेणांच ता परत वर चडवूचा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि तवसर तेच्या घशाक पाणी गोड लागा नये, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," शिवदास म्हणाला. या वेळी तो जवळजवळ एकटाच होता. माईकवरून त्याचा आवाज डोंगरापर्यंत गेला. ज्या डोंगरात कालवा नाही, त्या डोंगरापर्यंत. मग त्याला कळले. हात तसेच जोडलेले राहिले आणि कपाळावरचे गंध घामाने ओघळले. मंत्र्यांनीही "व्हय म्हाराजा" म्हटले होते, पण पाणी कुठून आले हे त्यांना माहीतच नव्हते. माहीत नसण्याची ते फार काळजी घेत असावेत.

पाहुणे गेले. गालिचा उपटून नेला, खिळे माझ्या अंगात राहिले. कमलाक्षीने आणि धाकूने बाकीच्या फळ्या खाचांत परत बसवून पाहिल्या; पण फाल्गुनात ओहोळ म्हणजे करंगळीएवढी धार. दिवाळीपासून साठत आलेले पाणी एकदा गेले ते गेले. मी चिखल वाळला तिथेच, कालव्याकडच्या वाटेवर पडून राहिले.

भाताची पाने आधी टोकाला पिवळी झाली, मग सुरळीसारखी वळली. कमलाक्षी पहाटे कळशी घेऊन येई, कालव्यात उतरे, आपल्याच पाण्याची कळशी भरे आणि चढण चढून वरच्या कुणग्याच्या कोपऱ्यात ओती. सगळे शेत जगवणे तिला शक्य नव्हते. ती फक्त बियाण्याचा कोपरा जगवत होती. जवळची वाट माझ्यावरून होती. कळशी डोक्यावर, तरी ती वळसा घालूनच जाई. मंत्री ज्या फळीवरून चालले, त्या फळीवर ती पाय देत नव्हती. त्या दिवसांत मला सर्वांत जास्त लाज वाटली ती कुणाची, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

इकडे शिवदासचे निराळेच चालले होते. धोंडिबा एकदा कमलाक्षीच्या हातून कळशी घेत म्हणाला, "मालकाचं खरं न्हाई मावशी. पाणी कडू लागतंय म्हणत्यात. घरचं कडू, बाटलीतलं कडू. सोडा पितात, शहाळी पितात. काल मलाच इचारलं, धोंडिबा, शहाळ्याचं पाणी हे पाण्यात धरतात काय?"

"तू काय सांगितलंस?" धाकूने विचारले.

"म्हटलं, धाकूबाबास्नी इचारा."

"तेका सांग, नारळाचा पाणी देवाचा. ता चलता. पण झाडावयले नारळ काय जल्मभर पुरूचे नाय."

कमलाक्षी त्या दिवशी हसली. कळशी धोंडिबाच्या खांद्यावर होती, म्हणून हसता आले असेल.

कोपऱ्यातले दाणे दूध धरू लागले होते, तेव्हा शिवदास डिझेलचा पंप आणि पाइप घेऊन आला. गाल बसले होते.

"बाय, साहेब म्हणाले, वायच चाचणी घेवया."

"चाचणी कोणाची रे?" धाकू म्हणाला. "पाण्याची काय घशाची?"

शिवदासने पंपाचा दांडा फिरवला. पंप सुरू झाला. जे पाणी फुकट खाली उतरले होते, ते आता धूर काढत, खोकत वर चढू लागले. पाटात पोचले, कुणग्यात पसरले. भेगा पडलेल्या जमिनीने ते पिताना बारीक चुळचुळ आवाज केला. शिवदास पाटाशी उकिडवा बसला, ओंजळ भरली आणि भीत भीत प्याला.

"गोड आसा," तो म्हणाला.

धाकू म्हणाला, "आसतलाच. तिचा पाणी ता."

तुम्हाला वाटेल, मी त्याला क्षमा केली. मला भीतीने केलेल्या पुण्याचे कौतुक नाही. पण पाणी असले काही पाहत नाही, आणि भातही पाहत नाही, हे मी मान्य करते.

पंप चालू असतानाच कालव्याच्या खात्याचे साहेब फोटोवाल्याला घेऊन आले. कालव्यात बुडालेला पाइप, शेतात पडणारे पाणी, शेजारी शेतकरी बाई. तिला हात वर करायला सांगितला. ती म्हणाली, "कित्याक?" मग तिच्याऐवजी शिवदासने हात वर केला. तो फोटो पुढे मोठ्या फलकावर आला. खाली लिहिले होते, कालव्याच्या पाण्यावर डोलणारे शेत. पुढच्या टप्प्याला मंजुरी मिळाली. चोराने चोरीचा माल परत केला आणि त्याबद्दल त्याला दुकान काढून दिले, असे काहीसे झाले. डोंगर अजून तिथेच आहे.

खालचे कुणगे पोकळ गेले. कणसे होती, दाणा नव्हता. वरच्या दोन कुणग्यांत थोडे भात झाले, आणि कोपऱ्यातले झाले ते टपोरे. त्या वर्षी कमलाक्षीने तांदूळ दुकानातून आणले. पण मुडी बांधली. नेहमीपेक्षा लहान होती. पावसाआधी मलाही वाटेवरून उचलून माळ्यावर नेले, आणि ती माझ्या शेजारी टांगली, तेव्हा मला जरा झोप लागली.

दिवाळीनंतर पंचायतीने कळवले, की बंधाऱ्याच्या मातीचा आणि मजुरीचा खर्च यापुढे मिळणार नाही. तुमची जमीन आता कालव्याच्या ओलिताखाली आहे.

"कालव्यात पाणी नाय," धाकू म्हणाला.

"कागदावर आहे," पंचायतीचा माणूस म्हणाला.

"मगे ह्या वर्सा भातय कागदारच पेरूया. राखणीक बसूचो तरी तरास नाय."

बंधारा तिघांनी घातला. धोंडिबा सुट्टीच्या दिवशी आपणहून आला, पक्कड घेऊन. त्याने मारलेला प्रत्येक खिळा त्यानेच काढला. कमलाक्षीने जांभळाच्या फांदीच्या बारीक खुंट्या तासल्या, काजूच्या तेलात बुडवल्या आणि एकेक भोक बुजवले. तरी दोन ठिकाणी मी पाझरते. मग तिने माझ्या कडेला कुंकू लावले. धाकूने गाऱ्हाणे घातले, अगदी लहान. "बा राखणदारा, पाणी जंय आसा थंय ऱ्हवांदे, म्हाराजा." कमलाक्षी "व्हय म्हाराजा" म्हणाली. धोंडिबा "होय महाराजा" म्हणाला. तेवढे पुरले. मी खाचेत उतरले आणि माझ्यामागे पाणी हळूहळू चढू लागले. मुडी सोडली गेली. आज तिथे पुन्हा तांबडे भात उभे आहे.

ऐकते की दुसऱ्या टप्प्याचा नारळ फोडायला पाहुणे पुन्हा येणार आहेत. म्हणून एवढे बोलले, मित्रांनो; नाहीतर मी बोलणारी नव्हे. त्यांना चालायला वाट लागेल. त्यांच्यासाठी दुसरे काही शोधा. नाही सापडले, तर त्यांना चिखलातून चालू द्या. आपल्या पायाखाली काय आहे, हे एकदा तरी त्यांच्या पायांना कळू द्या. मला मात्र काढू नका. मी पाझरते, पण पाणी अडवते आहे.